माह्या पट्टीचा तंगूस

माहा आवाज भरडा आहे बाप्पा, त्याले मी काय करू? सत्त्याहत्तर साली अड्याळच्या भजनस्पर्धेत आमच्या महिला मंडळाचं नाव लागलं, अन् मले पुढं बसून गायचं होतं. आपल्याच पट्टीत! आमचा घरवाला दोतारी वाजवे. तो म्हने, "पट्टी चढव." कायले चढवू? चढवली का मी नुसती चिरकते.

खोट दोतारीत होती. दोनही तारा पोलादी. माह्या खालच्या सुरासाठी एक ढिली केली का ते फडफडे. मी म्हनली, खरजाच्या सुराले दुसरं काही लावा. तं ह्यानं बाजाराले निघालेल्या शेजारच्या बाबूलालले सांगितलं, "खरजासाठी चांगलं काही आनजो." बाबूलालनं काय आनावं? खाजेचा मलम! खरज म्हंजे त्याले खरूज वाटली. वर मलेच इचारते, "वहिनी, लय पसरली का?" हसून हसून पोट दुखलं माहं, अन् रागही आला.

मंग मीच उठली. वैनगंगेवर मासे धरनारी कुंताबाई जाळं इनत बसली होती, नायलॉनच्या तंगुसाचं. मी तो धागा ओढून छेडला, टनकन वाजला.

"कुंताबाई, याहून जाड आहे का वो?"

"मासा धरतं का मगर?" ते म्हनली. पन तिनं तीन जाडीचे तुकडे देले.

घरी एकेक लावून पाह्यला. बारीक मच्छरावानी गुनगुने. सगळ्यात जाड मुकाच. मधला बोलला, पन मोठा हट्टी! खुंटी पिळली का घडीभरात उतरे. पिळून पिळून बोटं लाल झाली. तिसऱ्या दिवशी थांबला एकदाचा. घरवाल्यानं पोलादी तार अन् तंगूस संगच छेडला. घूँऽऽ! छातीत भरला तो आवाज.

"म्हन आता," तो म्हनला.

अड्याळले मी माह्याच पट्टीत भजन धरलं. पहिल्या कडव्याले मानसं हसली. हसा लेकहो! दुसऱ्या कडव्याले मांडवात मागं बसलेल्या बाया गाऊ लागल्या. दरसाल त्या नुसत्या टाळ्या वाजवत, मले वाटे लाजतात. लाजत नव्हत्या वो! त्यायच्या पट्टीत कोनी धरलंच नव्हतं. सारा मांडव घुमला, अन् मी गाता गाता रडली, खुशीनं.