शलाकाची पसंती

दुकानातल्या त्या रिव्हॉल्वरच्या मुठीच्या बुडाशी एक लोखंडी कडी होती, करंगळी जाईल एवढी... पूर्वी स्वार त्या कडीत पट्ट्याची दोरी अडकवत. घरच्या रिव्हॉल्वरलाही नेमकी तशीच कडी आहे, तेव्हा जोडी जमली – मानसिंगरावांनी मनातल्या मनात निकाल लावूनही टाकला. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांचं ते पहिलं रिव्हॉल्वर. त्याच्या गोळ्या मिळेनाशा होऊन पन्नास वर्षं लोटली. दर दसऱ्याला ते पाटावर झेंडूच्या फुलांत बसतं आणि निमूटपणे हळदकुंकू लावून घेतं, लग्नघरातल्या एखाद्या गरीब मामासारखं. लहानपणी त्यांची लेक शलाका ते काकावर रोखायची आणि सगळे हसायचे. वासणा भागातल्या त्या घरात हत्याराला कुणी कधी घाबरलंच नाही.

परवान्यावर दुसऱ्या रिव्हॉल्वरची मंजुरी यायला आठ महिने लागले. आली त्या दिवशी ते उत्साहाने म्हणाले, "शलाका, चल, तूच निवड." इतर बाप मुलीला साड्यांच्या दुकानात नेतात, पण आम्ही पडलो फौजेतले, आम्हाला जीव रमवायचा म्हटलं की पोलादच आठवतं... होळीनंतर ती पादरा गावाहून, सासरहून, एका बॅगेनिशी परत आली होती. काय झालं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही – विचारायला हवं होतं का? तिची आई संयोगिता विचारायची, तर पोरगी उठून आत जायची. चार महिने ताटातलं अन्न चिवडणं, गॅलरीत बसून राहणं, हाक मारली की जरा उशिरानेच वळणं. आज निघताना संयोगिता दारापर्यंत आली होती. "तिला कशाला नेता तिथे?" एवढंच म्हणाली. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आणि आता रावपुऱ्यातल्या या दुकानात पोरगी खरंच कामाला लागली होती. दुकानदार हसमुखभाईंनी काचेवर मखमल अंथरून तीन रिव्हॉल्वरं मांडली होती. "बेन, आ जुओ, चांदीनुं काम छे. संग्रह माटे एकदम सरस." शलाकाने नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. कडीवालं उचललं, तोललं, ठेवून दिलं. मग कडेचं तिसरं घेतलं – काळं, आखूड नळीचं, कचेरीतल्या स्टेपलरइतकं रूक्ष – आणि तिची बोटं त्यावर शांत झाली. चेहऱ्यावर रंग आला. मानसिंगरावांना भरून आलं. रक्तात असतं हे, ते स्वतःशी म्हणाले, रक्तातच असतं...

"ह्याच्या गोळ्या मिळतात ने?" तिने विचारलं.

चार महिन्यांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. ते कौतुकाने उत्तर द्यायला पुढे झाले.

"आनी तो गमे त्यारे मळे," हसमुखभाई म्हणाले. "पेली बे तो खाली शोभानी." म्हणजे ह्याच्या गोळ्या केव्हाही मिळणार; बाकीची दोन नुसती शोभेची.

"आणि कपाटाची किल्ली देवघरातच राहील ने, पप्पा? नेहमीसारखी?"

नेहमीसारखी. गणपतीच्या मागे, जिथे घरातल्या प्रत्येकाचा हात पोचतो – कारण आजवर त्या कपाटात भिण्यासारखं काही नव्हतंच. ते तिच्या मनगटाकडे बघत राहिले आणि एकाएकी ते चार महिने वेगळेच दिसू लागले... गॅलरीचा कठडा, त्यावर वाकलेली ती, जावयाचा फोन आला की पडद्यावरच्या नावाकडे एकटक बघणारी... कोणासाठी? स्वतःसाठी, की पादऱ्याच्या त्या माणसासाठी? की नुसतंच, बापाने निवड म्हटलं म्हणून विचारलं? नको म्हणावं. हात बसत नाही म्हणावं. पण नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल, आणि ते शब्द एकदा तोंडातून निघाले की घरात परत कसं राहायचं... आणि हो म्हटलं तर –

"तो आ फायनल, साहेब?"

शलाकाने मान वर केली आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं. हिने एकदा असं बघावं म्हणून ते रोज देवापुढे हात जोडत होते. आता ती बघत होती, स्थिर, जवळजवळ मायेने, उत्तराची वाट बघत. आणि मानसिंगरावांना ते सोसवेना. आपल्याला पोटच्या पोरीची भीती वाटते आहे, हे त्यांना कळलं. आणि ते तिलाही कळलं होतं.