झाडाखाली बसलेला शिपाई

दर रविवारी दुपारी भिवपुरीच्या त्या घरात खिडकीला चादर लागायची आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा उतरायचा. छताला उलटा टांगलेला जुना प्रोजेक्टर तो खाली पाडायचा. नद्या, खिंडी, वाटा, सगळं चौकटींत आखलेलं. अक्षदा गोष्ट चालवायची. बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे, बाटल्यांची बुचं प्यादी म्हणून सरकवायचे, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. न पाहिलेला मुलूख काळ्या धुक्याखाली असायचा. प्यादी पुढं गेली की अक्षदा लॅपटॉपवरून तेवढंच धुकं पुसायची.

या खेपेला धुक्याखाली किल्ला होता. साजगावच्या कारखान्यातून दमून घरी आलं, दोन घास खाल्ले, की आठवडाभर ती तोच रेखाटत बसायची. तटबंदी, चोरदरवाजा, तळघरातलं पाण्याचं टाकं. डोळे नुसते चुरचुरत होते.

आणि नेमका खेळणाऱ्यांतला स्वप्नील आलाच नाही. त्याला ऐन वेळी कामावर दुसरी पाळी करावी लागली. सुरभी इस्पितळातली रात्रपाळी उरकून तशीच आली होती. अक्षदाचा धाकटा भाऊ किरण जांभया देत होता.

"खिंड ओलांडायची का?" अक्षदानं विचारलं.

"तू म्हणशील तसं," सुरभी म्हणाली.

अक्षदाच्या डोक्यात तिडीक गेली. "मी म्हणून कसं चालेल? तुम्ही ठरवायचं ना!"

तेवढ्यात आई, जयवंता, कोकमाचं सरबत घेऊन आली. "पंखा का बंद रं? उकडून मराल." तिनं बटण दाबलं, तशी प्रोजेक्टरची दांडी थरथरली आणि टेबलावरची नदी हलायला लागली. किरणनं घाईनं पंखा बंद केला.

"आई, तू बस. स्वप्नीलचा शिपाई तू खेळ," अक्षदा म्हणाली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"त्यानं काय करायचं तेवढं सांग."

जयवंतानं लाल बूच निरखून पाहिलं. "कवापासून चालतोय ह्यो?"

"पार डोंगरापलीकडून," अक्षदा म्हणाली.

"काय खाल्लंय का त्यानं?"

किरण हसला. अक्षदाला हसू आलं नाही. "आई, पुढं शत्रू आहे."

"त्याला दिसलाय का ह्यो?"

"अजून नाही."

"मंग बसंल की घटकाभर." जयवंतानं हात लांबवला, अर्धा नकाशा तिच्या सावलीत गेला. खिंडीच्या अलीकडं एक झाड होतं, अक्षदानं जागा भरायला काढलेलं. लाल बूच तिनं त्याच्याखाली ठेवलं.

सुरभीनं आपलं बूच त्याच्या शेजारी सरकवलं. मग किरणनंही. अक्षदा धुक्याकडे बघत राहिली. आठवड्याची मेहनत त्या काळोखात तशीच पडून. उठा, चला, फासा टाका, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुरभी टेबलावर डोकं टेकून झोपलीसुद्धा होती, नकाशातलं हिरवं रान तिच्या केसांवर पसरलं होतं.

"तुझा कुठला गं ह्यात?" जयवंतानं विचारलं.

"माझा नसतो. मी सगळं चालवते."

"म्हंजे तुला बसायला जागाच नाय."

अक्षदाचे डोळे भरून आले, त्याचीच तिला लाज वाटली. मघापासून ती उभीच होती. ती खुर्चीवर बसली.

किरण हळूच म्हणाला, "ताई, पुढच्या रविवारी मी चालवू?"

"तुला नाही जमणार."

"नाय जमलं तर नाय जमलं."

त्यानं चालवायचं म्हणजे किल्ला आधीच त्याला दाखवायचा. खेळ ऐन रंगात आल्यावर किल्ला दिसताना त्याचा चेहरा बघायला ती आठवडाभर थांबली होती. शेवटी तिनं सगळं धुकं एकदम पुसून टाकलं. किल्ला टेबलभर उजळला.

"एवढं सगळं तू काढलंस?" किरण वाकून बघत होता. "टाक्यात मासेपण?"

"ते आपले उगाच."

पुढच्या रविवारी किरणनं गोष्ट चालवली आणि पार घोळ घातला. चोरदरवाजा कुठं आहे ते त्यानं सुरुवातीलाच बोलून टाकलं. स्वप्नील त्याच्याशी तावातावानं भांडत होता. अक्षदा त्या गोष्टीत होडीवाली झाली होती. तिची पाळी आली की सुरभीला तिला हलवून उठवावं लागत होतं.