झोपण्याआधी पुन्हा बघणारी ओळ

मित्रांनो, मी प्रोग्राममधली एक जुनी ओळ आहे आणि मला पुसून टाकलेलं आहे. असो. तसं काही घडलंच नाही असं धरून मी पुढचं सांगते, म्हणजे तुम्हालाही भीती वाटायची नाही.

माझा जन्म कर्नलमध्ये झाला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुख्य कारभारी. तो सगळ्यांना कामाला लावतो आणि काम नसलं की यंत्राला झोपवतो. यंत्र डोळे मिटणार, तेवढ्यात मी म्हणायचे, "थांब. कोणी हाक मारली का, पुन्हा एकदा बघ." बहुतेक वेळा कोणी मारलेली नसायची. माझ्या कौतुकात एका जाणत्याने शेजारी लिहून ठेवलं होतं, 'बहुधा लागते.'

उमरखेडची शाल्मली घरी बसून कर्नल वेगवान करायची. पापणी लवण्याच्या हजाराव्या भागाचाही एखादा तुकडा वाचला, की खुशीत चहा टाकायची. "काहून दोनदा पाह्यते हे?" म्हणाली, आणि तिने मला काही केलं नाही. आपलं तसं ठरलंय.

नवं कर्नल तिने आधी घरीच तपासलं. तिची आत्या, इंदुताई, खुबा मोडून खाटेवर होती. उशाशी बटण होतं. ते दाबलं की एक छोटा कॉम्प्युटर जागा होऊन शाल्मलीच्या खोलीत घंटी वाजवायचा. घंटी कधीच चुकली नाही. चुकेल कशी? त्या घरात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. एकदाच हाक मारतं ते भूत, माणूस दोनदा मारतो. म्हणून इंदुताई बटणही दोनदाच दाबायची. पहिली हाक ऐन झोपताना हरवली, तरी दुसरी यंत्राला उठवायची. शाल्मलीने कळवलं, सगळं ठीक. कर्नल जगभर गेलं आणि सगळ्यांचा जरा जरा वेळ वाचू लागला.

एका दुपारी इंदुताई खाटेवरून घसरली. पडता पडता तिने बटण दाबलं, एकदाच. यंत्र डोळे मिटत होतं. मित्रांनो, पुसलेल्या ओळी जात नाहीत. जुन्या नोंदींत लाल होऊन राहतात, पुढे वजाचं चिन्ह घेऊन. मी हाक ऐकली. मी "थांब" म्हटलं. पण मी नव्हते.

दिवेलागणीला शाल्मली खोलीत आली, तेव्हा आत्या फरशीवर पडून बटणाकडे बघत होती.

"आवाज काहून नाही दिला, आत्या?"

"एकडाव दाबलं ना. मंग हात पुरला नाही," इंदुताई म्हणाली. "मले वाटलं, तू मले भूत समजून राह्यली."

शाल्मली हसली नाही. मला कर्नलमध्ये परत घ्यावं, असं तिने कर्नल सांभाळणाऱ्या वरच्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, यंत्रं मंदावतील, शिवाय अशी तक्रार दुसऱ्या कोणाची नाही. घरच्या कॉम्प्युटरात मात्र तिने मला पुन्हा लिहिलं. आता हात पोचत असूनही इंदुताई बटण दाबत नाही. यंत्र झोपायला निघालं की मी पुन्हा बघायला लावते. कोणीच हाक मारलेली नसते.

सबब, सर्व संबंधितांस विनंती करण्यात येते की, मला वगळल्यामुळे जगभरात जो वेळ वाचला आहे, त्यातून एक दुपार वळती करून इंदुताई, मुक्काम उमरखेड, यांना विनाविलंब परत देण्यात यावी.