मास्तरांच्या डोक्यातला भोवरा

मास्तरांच्या डोक्यात काही आहे, हे त्यांच्या बायकोला अखेरपर्यंत पटलं नाही. ती गेल्यावर स्कॅनमध्ये ते सापडलं. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगा आला होता. डॉक्टरांनी मांडीतून तार घालून तिथे बारीक जाळीची नळी बसवली. आता रक्ताने नळीतून मुकाट्याने पुढे जायचं, आणि फुग्यात अडकलेलं रक्त साकळून फुगा आपोआप बुजायचा.

तो बुजेल की नाही हे आधीच सांगता यावं, म्हणून एक संशोधक मुलगी संगणकावर मास्तरांची रक्तवाहिनी हुबेहूब उभी करून तीत खोटं रक्त सोडत होती. जन्मभर चित्रकला शिकवलेल्या मास्तरांना ते चित्र आवडलं. त्याहून आवडलं ते हे, की खऱ्या रक्ताचा जोर मोजायला ती दर गुरुवारी घरी यायची. मास्तरांचा स्वतःचा मुलगा दूरगावी होता, आणि फोनवर तो कायम गाडीच चालवत असायचा.

"काका, बोलू नका, आकडा चढतो," मानेवर यंत्र टेकवून ती म्हणायची.

"मग तू विचारू नकोस."

"मी काय विचारलं?"

"कसे आहात, म्हणालीस."

संगणकाने भाकीत केलं, की फुग्यात रक्ताचा भोवरा जोरात फिरत राहणार, फुगा बुजणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये फुगा साफ बुजलेला निघाला.

"अभिनंदन, काका," मुलगी शोकसभेत बोलावं तशी म्हणाली. चूक कुठे झाली ते सापडेना, आणि त्याशिवाय तिचे मार्गदर्शक सर प्रबंध पुढे सरकू देईनात. शेवटी तिने दंडाला बांधायचा, रक्ताचा जोर आपोआप मोजणारा पट्टा आणून दिला. "घरात कोणी नसेल तेव्हा दिवसभर बांधा."

"म्हणजे कधीही," मास्तर म्हणाले.

चूक कुठे आहे ते मास्तरांना कळून चुकलं. गुरुवारी ते सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसत आणि बेल वाजली की छाती धडधडे. एरवी त्यांचं रक्त सरकारी फायलीसारखं सरकायचं.

पट्टा बांधून ते जिन्यापाशी गेले. दिवसभर चढ-उतर केली, तर आकडे गुरुवारसारखेच येतील, कोडं सुटणार नाही आणि पोरगी येत राहील. एक पायरी चढलेही. मग पट्टा देतानाचे तिचे रडून सुजलेले डोळे आठवले, आणि स्वतःला एक शिवी हासडून ते खुर्चीत येऊन बसले. पट्टा फुगला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी दंड घट्ट धरला होता.

दोन दिवसांनी, गुरुवार नसताना, मुलगी धावत आली.

"काका, जुळलं! एकटे असता तेव्हा तुमचं रक्त किती हळू चालतं! ते आकडे घातले आणि भोवरा मंदावला, फुगा बुजला. मी येऊन मोजत होते, तीच चूक!"

"बरं झालं, सापडली."

"आता सगळ्या पेशंटांकडे पट्टाच पाठवायचा. आपण जायचंच नाही. सरांना तर पद्धत फारच आवडली."

"आवडणारच. चांगली आहे," मास्तर म्हणाले आणि चहा करायला उठले. तिचा कप लवकर संपला. मास्तर आपला घोट घोट पीत राहिले. मोठ्या माणसाचं पिऊन झाल्याशिवाय उठू नये, एवढे संस्कार तिच्यावर होते.