भिंतीतली हिमाई

नवरात्रातली दुपार होती आणि शांतीलालभाईंच्या घरापासून चौकापर्यंत माणसं ओल्या कपड्यांनी रांगेत उभी होती. बायकांच्या लुगड्यांतून पाणी गळत होतं, पुरुषांची धोतरं पोटऱ्यांना चिकटली होती, आणि वरून ऑक्टोबरचं ऊन शहादं गाव भाजून काढत होतं. कुणाची तक्रार नव्हती. आत बैठकीच्या भिंतीत हिमाई माता प्रकटली होती. घामानं अंग चिकचिकत असताना तिथं बोटभर जाडीचा पांढराशुभ्र बर्फ धरत होता!

माता प्रकटली होती ती थंड हवेच्या यंत्रात. शांतीलालभाई जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, मालक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हे यंत्र मुंबईहून आणून हौसेनं बसवलं. गावात तसं दुसरं नव्हतं. बसवणारा माणूस परत गेला आणि त्यानंतर त्या यंत्राला कुणी फडकंसुद्धा लावलं नाही. शेजारच्या जिनिंगमधला कापूस उडून खुशाल त्यात बसत राहिला.

मग आले शीतलनाथ महाराज. हिमालयात तप केल्याचं सांगत, पण हिमालयात कुठे असं विचारलं की डोळे मिटून घेत. त्यांचे नियम तीन. भक्तानं ओलेत्यानं यावं, मातेला चुंदडी, म्हणजे लाल ओढणी, चढवावी, आणि आत आल्यावर दार घट्ट लावावं.

"सुकं अंग मातेला चालत नाही, बच्चा! माता कोपली तर घर जळेल, शेत जळेल!" महाराज गरजत. मग बर्फ धरे, वितळून पुढच्या बाजूनं थेंब थेंब पितळी वाटीत पडे, आणि ते तीर्थ बाटल्या भरभरून गावोगाव जाई. ताप, खरूज, वांझपण, कोर्टातला दावा, सगळ्यावर तेच एक औषध.

मी गावातला डॉक्टर. माझा दवाखाना त्या आठवड्यात ओस पडला होता. मी मनातल्या मनात चिडत होतो आणि लोक आपोआप शुद्धीवर येतील म्हणून वाट पाहत होतो. तेवढ्यात शांतीलालभाई स्वतः दवाखान्यात आले, तेही मागच्या दारानं. एवढी मोठी असामी, पण पायात चपला नव्हत्या.

"डाक्टर, लवकर चाला. मन्ही बेबी हातमाईन चालनी. मन्ही माय कोणलेच बलाऊ देत नही."

बेबी त्यांची तीन वर्षांची एकुलती एक मुलगी. दोन दिवस जुलाब आणि उलट्या. मागच्या खोलीत तिची आई प्रमिलाबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीचे डोळे आत गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. कालपासून लघवी नव्हती. ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. मला भीती वाटली.

"ताबडतोब सलाईन लावायला हवं," मी म्हणालो.

प्रमिलाबाईंनी पोरीला पदराखाली ओढलं. "नका, डाक्टर! महाराज म्हने, तीर्थ सोडीसन काही पोटमा गयं ते माता पोरले लई जाई."

"अहो बाई, आताही तीच नेतेय!"

मी हात जोडले. ओरडलो. परत हात जोडले. बाई नुसती मान हलवत राहिली. तिला पोर नको होती असं नाही. तिला वाटत होतं, आपण एक पाऊल चुकलो की पोर गेली. माझीही तीच भीती होती, फक्त पाऊल वेगळं. आईच्या हातातून लेकरू हिसकावून सुई टोचता येत नाही. बाहेर शंभर माणसं महाराजांची होती.

मी तडक बैठकीत शिरलो. ओल्या कपड्यांतली तीसेक माणसं कोंदट अंधारात बसली होती आणि यंत्रावर चुंदड्यांची थप्पी लटकत होती. ती मी एका झटक्यात ओढून काढली. शांतीलालभाईंच्या आई, जमनाबाई, किंचाळल्या.

"भस्म होशील!" महाराज ओरडले.

"होईन तेव्हा होईन. तोवर जरा बाजूला सरका."

मी बटण फिरवून यंत्र बंद केलं. लोकांनी असा काही गलका केला की ते परत चालू करायला मी हात पुढे नेला. त्याबरोबर महाराजांनी झेप घेऊन माझं मनगट धरलं.

"अरे, लगेच नको! काम्प्रेसर जळून जाईल! त्याला थोडा दम खाऊ दे!"

"कुणाला? मातेला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पण गंमत बघा, महाराज पकडले गेले म्हणून लोक जागे झाले नाहीत. जमनाबाईंनी लगेच सांगून टाकलं, "महाराजले बठ्ठी विद्या शे!" सगळी विद्या येते, त्यात यंत्राचीही आलीच. माना डोलल्या. मी हताश झालो. पलीकडच्या खोलीत पोर सुकत चालली होती.

मी प्रमिलाबाईंना दारात बोलावलं. "तीर्थ कुठून येतं ते फक्त एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्या पोरीला खांद्यावर घेऊन आल्या. मी यंत्राचं पुढचं झाकण काढलं आणि हवा गाळायची जाळी ओढली. जाळी कसली, कापसाची आणि धुळीची गोधडीच ती! खाली पाण्याचं तबक होतं. ते पाणी मागून बाहेर जायचं, पण त्या वाटेत कुणीतरी चिंधीचा बोळा कोंबला होता. म्हणून ते तबकात कुजत राहून पुढून पाझरत होतं. काळी, बुळबुळीत साय धरली होती त्याच्यावर.

प्रमिलाबाई रोज दुपदरी फडक्यातून पाणी गाळून हंडा भरणाऱ्या. त्यांनी तबकात बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

"हाई पाजं मी तिले?" त्या म्हणाल्या. "मन्हा हाते?"

त्यांनी पोर माझ्यापुढे धरली. "लावा सुई."

शीर सापडेना. तिसऱ्या टोचणीला सापडली. बाटली खुंटीला टांगून मी बाहेर आलो तर यंत्रावरचा बर्फ वितळला होता आणि कुजबुज चालूच होती: डॉक्टरनं विटाळ केला, माता गेली. मी म्हणालो, "तीच घाण जाळी परत बसवा. चुंदडी नको, माझा कोट टाका वर. दार लावून यंत्र चालू करा. महाराजांना अंगणात बसवा, मंत्र नको."

घटकाभरानं बर्फ धरला. माझ्या जुन्या, औषधांच्या वासाच्या कोटाखाली!

"मी मुंबईला शिकत होतो तेव्हा आमच्या ऑपरेशनच्या खोलीत जाळी धुवायची राहिली की हेच व्हायचं," मी सांगितलं. "आतल्या नळ्या गार असतात. त्यांच्यावरून खोलीतली हवा खेळत राहिली तर हवा गार होते. जाळी तुंबली, वर कापडं टाकली, की हवा खेळत नाही, नळ्या गोठतात. आणि बर्फाला पाणी कुठलं? तुमच्याच धोतरा-लुगड्यांतलं. तुम्ही आपलंच पाणी तीर्थ म्हणून प्यालात, वर कापसाची घाण घालून."

शांतीलालभाईंनी जाळी विहिरीवर नेऊन स्वतः धुतली, बोळा काढला, यंत्र लावलं. गार वारा सुटला. बर्फ धरला नाही. महाराजांना जाब विचारायला लोक अंगणात गेले, तर तिथं नुसतं मृगाजिन.

दिवेलागणीला मागच्या खोलीतून हाक आली, "डाक्टर! मुतनी! मन्ही पोर मुतनी!" प्रमिलाबाई ओलं फडकं छातीशी धरून रडत होत्या. मीही रडलो, त्यात लाज कसली?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या धडगावकडून रूपलीबाई नावाची बाई आली. पाठीला बांधलेलं पोर तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. ते वाटेतच गेलं होतं. तिच्या हातात तीर्थाची बाटली होती, अर्धी संपलेली. यंत्र धुऊन झालं होतं, पण बाटल्या आधीच डोंगर चढून गेल्या होत्या.

म्हणून सांगतो. देव माना, न माना, तुमची मर्जी. पण कुणी म्हणालं, कापड उचलू नका, आत बघू नका, तर तेच आधी करा. लेकराच्या तोंडाला काही लावण्याआधी ते कुठून आलं ते आपल्या डोळ्यांनी बघा. रूपलीबाईला बघायला कुणी बोलावलंच नव्हतं.