नववीपर्यंत शिकलेली निरोगी मुलगी पाहिजे

चैताली एका कामावर महिनाभरसुद्धा टिकत नसे, पण कोथरूडचं हे झेरॉक्सचं दुकान तिनं अजून सोडलं नव्हतं. एका दुपारी वरद नावाचा चष्मेवाला आला आणि एक कागद पुढे करून म्हणाला, ‘पन्नास काढ.’

कागद काचेवर ठेवता ठेवता तिनं वाचला. मेंदूच्या अभ्यासासाठी निरोगी मुली पाहिजेत. वय सोळा ते वीस. शिक्षण फक्त नववीपर्यंत. खाली नाव, सरोजिनी आगाशे.

चैतालीच्या डोक्यात सणक गेली.

ह्याच त्या आगाशेबाई. बिबवेवाडीच्या तिच्या शाळेत समुपदेशक म्हणून मुलांशी बोलायला यायच्या. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा, कारण ज्यांची खात्री नाही त्यांना नववीतच गाळायचे. चैताली गणितात गचकली होती, वर तोंडाची फटकळ. बाईंनी पाच मिनिटं चित्रं दाखवली आणि आईला बोलावून सांगितलं, ‘मुलगी मंद आहे. उगाच ताण देऊ नका.’ दाखला हातात. खेळ खलास.

शाळा गेली त्याचं तिला एवढं काही नव्हतं. पण आईनं ते खरं धरलं. सुंदराबाई मार्केट यार्डात कांदा निवडायची. शिकलेल्या बाईचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून ती चैतालीशी सावकाश बोलायची. साधी कोथिंबीर आणायला पाठवलं तरी दोनदा समजवायची. चैतालीनं भांडी आपटली तरी रागवायची नाही, नुसती कीव करायची. ती कीव चैतालीला चटक्यासारखी लागायची.

‘नववीच का?’ तिनं विचारलं. ‘बारावीवाल्यांना मेंदू नसतो?’

‘असतो गं,’ वरद हसला. मंदीत त्याची हिंजवडीची नोकरी गेली होती, आता बाईंच्या पीएचडीचं आकडेमोडीचं काम करायचा. ‘आमच्या पेशंटची आजारपणात शाळा सुटलेली असते. त्यांच्यासमोर कॉलेजची पोरं ठेवली, तर दिसलेला फरक आजाराचा की शाळेचा, कळणार कसं? म्हणून प्रत्येक पेशंटला एक जोडी लागते. वय तेच, शिक्षण तेवढंच, पण ठणठणीत. कॉलेजवाले ढिगानं येतात. नववीवाली एकही मिळत नाही.’

‘मी आहे की.’

तपासणीच्या दिवशी बाईंनी तिला ओळखलंच नाही. ‘ये बाळा, बस,’ म्हणाल्या आणि फोनवर बोलत आत गेल्या. बाकावर पूर्वा नावाची मुलगी बसली होती, चैतालीच्याच वयाची. तीच चैतालीची जोडी. गोळ्यांनी हात थरथरत होते तिचे. कानात भलतेसलते आवाज येतात म्हणून शाळा सुटलेली. मागच्या वेळी मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनमधून रडत बाहेर पळाली होती, आज मात्र पूर्ण करून आली.

‘आत ठणठण आवाज येतो ना, तो खरा असतो बरं का,’ ती चैतालीला हळूच म्हणाली. ‘मी विचारून घेतलंय.’

चैतालीला ती एकदम आवडली.

आत जाण्याआधी तिनं वरदला गाठलं. ‘मी मुद्दाम चुकले तर?’

‘असं काय करतेस! मग लोक म्हणणार, नववी नापासच ती, दुसरं काय होणार.’

‘आणि सगळं बरोबर आलं तर?’

‘मग पेशंटमधला नि तुझ्यातला फरक उठून दिसणार. मॅडमची पीएचडी झकास.’

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चुकलं तर बाई खऱ्या, बरोबर आलं तर बाईंचा फायदा. चैतालीनं दात आवळले. चुकायचं तर नाहीच, हे तिनं ठरवलं. पुढचं पुढे.

मशीनच्या नळीत डोकं हलवायची बंदी होती. समोर एकामागून एक आकडे येत होते. एक सोडून आधीचा आकडा परत आला की बटण दाबायचं. एरवी तिला दोन मिनिटं गप्प बसवत नसे. पण त्या दिवशी ती दगडासारखी पडून राहिली आणि प्रत्येक बटण बाईंच्या टाळक्यात खिळा ठोकावा तसं दाबलं.

बाहेर आली तर वरद पडद्याकडे बघून म्हणत होता, ‘आयला!’

‘किती आले, बाई?’

तिथं सगळे मॅडम म्हणायचे. शाळेतलं ‘बाई’ ऐकल्यावर त्यांनी मान वर केली आणि नीट पाहिलं. ‘तू... बिबवेवाडी?’

‘लवकर ओळखलंत. किती आले?’

‘तसं एकेकाचं आम्ही सांगत नाही. फक्त गटाची सरासरी काढतो.’

‘वा! मला एकटीला मंद ठरवलंत तेव्हा कुठं ठेवली होती सरासरी?’

वरदनं चष्मा काढून पुसायला घेतला.

‘मी तेव्हा नवीन होते. मुख्याध्यापकांनी—’

‘ते मला नको. आईला येऊन सांगा. नाहीतर मला काढा तुमच्या सरासरीतून. मनात आलं की बाहेर पडता येतं, असं सही घेतलेल्या कागदावर तुम्हीच लिहिलंय.’

‘अगं, तू गेलीस की पूर्वाही जाते. जोडीच तुटते,’ बाई घाईनं म्हणाल्या. ‘किती घाबरत आत गेली ती! तिचा तरी विचार कर.’

ते चैतालीला लागलं. लागलं म्हणून आणखी राग आला. ‘तिला ढाल करू नका. तिचं वाया गेलं, तर ते तुम्ही घालवलेलं असेल. रविवारी या.’

रविवारी बाई स्कूटीवरून आल्या. सुंदराबाईनं पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली.

‘त्या वेळची परिस्थिती अशी होती की—’

‘बाई, प्रस्तावना नको,’ चैताली म्हणाली.

बाईंनी पेला खाली ठेवला. ‘चैताली मंद नाही. कधीच नव्हती. पाच मिनिटांत कुणाला कळत नसतं ते. मी चुकीचं सांगितलं.’

‘चुकून?’ सुंदराबाईनं विचारलं.

बाईंनी खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला.

‘का ठाऊक असून?’

‘ठाऊक असून.’

सुंदराबाई रडेल असं चैतालीला वाटलं होतं. ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, ‘चला.’

‘कुठं?’

‘तुमचा शब्द मी साऱ्या बिल्डिंगला सांगितलाय. पोरगी कमी हाय, संभाळून घ्या, म्हणून हात जोडलेत. आता तुमी सांगा. दारोदार.’

चैताली बघतच राहिली. हे तिला माहीतच नव्हतं. म्हणजे शेजारच्या काकू तिच्याशी लाडेलाडे बोलायच्या ते ह्यामुळं! तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

‘एवढं आपलं ठरलं नव्हतं,’ बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या.

‘नव्हतं,’ चैताली म्हणाली, आणि समोरच्या बाबुरावआजोबांची बेल दाबली.

आजोबा बनियनवर बाहेर आले. बाई पुटपुटल्या, ‘ही मुलगी मंद नाही. माझी चूक झाली.’

‘आँ?’

‘त्यांना कमी ऐकू येतं,’ चैताली म्हणाली. ‘जोरात.’

बाईंनी पदर सावरला, श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. पलीकडची दोन दारं उघडली. शेजारच्या विजयमालाकाकू हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

‘झालं?’ बाईंचा आवाज फाटला होता.

‘पूर्वाची जोडी राहील,’ चैताली म्हणाली. ‘पण झालं नाही अजून. वर दोन मजले आहेत. जिना इकडून.’