पंप मेकनेसला गेलाय

बेन्नासरची गाडी हद्दू मेकॅनिकच्या आवारात बॉनेट उघडं टाकून उभी होती. आजाऱ्याला भेटायला जावं तसा तो रोज सकाळी तिच्याकडे जायचा. रोज त्याचा प्रश्न एकच आणि हद्दूचं उत्तरही एकच.

"आला का पंप?"

"मेकनेसला गेलाय ना. येईल उद्या. तुम्ही बसा, चहा घ्या."

बेन्नासर बसायचा, चहा घ्यायचा आणि घरी जायचा. उद्या हा शब्द किती लांबवता येतो हे ज्यानं कधी गॅरेजमध्ये गाडी टाकली आहे त्याला सांगायला नको.

गाडी म्हणजे जुनी डिझेल मर्सिडीज, पुढे दोन आणि मागे चार असे सहा जण कोंबून डोंगरातल्या अझरूहून खाली मेकनेस शहराला नेणारी टॅक्सी. दारं दोन वेगवेगळ्या गाड्यांची, सीटं तिसरीची, आणि किलोमीटरचा काटा तर कधीच अल्लाला प्यारा झालेला. पण इंजिन असं, की बर्फ पडलेल्या सकाळी स्टँडवरच्या निम्म्या गाड्यांना धक्का मारावा लागे तेव्हा ही हीटर तापला की पहिल्या सेल्फला उठे. कुणी कौतुक केलं की बेन्नासर म्हणे, "माझं काही नाही. हद्दूचा हात."

त्या शरदात इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप गळायला लागला. वाटेतली इतोची चढण आली की गाडी खोकायची, प्रवासी डिझेलच्या वासानं नाक धरायचे. हद्दूनं पंप उतरवला, उजेडात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाला, याला मेकनेसचा पंपवालाच पाहिजे. बेन्नासरनं मान डोलावली. त्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली, की ऑलिव्हची झाडं झोडून फळं उतरवायला लागायच्या आत गाडी रस्त्यावर यायला हवी.

कारण गाडी बेन्नासरची असली तरी टॅक्सीचा परवाना त्याचा नव्हता. तो मेकनेसच्या लाल्ला रकियाचा. तिचा नवरा फौजेत होता, तो गेल्यावर सरकारनं तिला दिलेला. बेन्नासर तो करारानं चालवायचा, आणि करार दरवर्षी ऑलिव्हच्या दिवसांत नवा व्हायचा. म्हातारीचा नेम ठरलेला होता. गाडी दाराशी आणायची, तिला पुढच्या सीटवर बसवून कबरस्तानात न्यायचं, नवऱ्याच्या कबरीवर तिनं पाणी शिंपडायचं, परत आणून सोडायचं, मग सही. गाडी दाराशी आली नाही तर सही नाही, आणि सही नाही तर बेन्नासरच्या घरात चूल कशावर पेटणार?

"लाल्लाला मी निरोप धाडलाय," हद्दू म्हणायचा. "ती कुठं पळून जातेय?"

स्टँडवरचा मिमून मात्र जिभेला हाड नसलेला माणूस. "काय रे बेन्नासर, तुझा पंप मेकनेसला गेलाय की मक्केला? हाजी होऊनच येणार वाटतं!"

सगळे हसले. बेन्नासरला राग आला तो मिमूनचा. हद्दूवर शंका घ्यायची हे त्याच्या मनातच येऊ शकत नव्हतं, कारण हद्दू त्याचा दूधभाऊ होता. एका आईचं दूध प्यायलेले नव्हेत. त्या डोंगरात दोन टोळ्यांनी पूर्वी कधीतरी भांडणं मिटवताना आयांचं दूध एकत्र करून वाटलं, पुरुषांच्या चपलांचे दोन ढीग केले आणि एकेक जोडी बाहेर काढली. ज्याची चप्पल ज्याच्या चपलेबरोबर निघाली ते दोघे आणि त्यांची मुलंबाळं कायमची भाऊ. बेन्नासरच्या आणि हद्दूच्या आजोबांच्या चपला अशा निघाल्या होत्या. दूधभावाशी खोटं बोलत नाहीत. त्याची थट्टा करत नाहीत, त्याला अरेतुरे करत नाहीत. आणि दूधभावानं दुधाच्या नावानं काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत, मग तो घर मागो की घोडा. म्हणून तर शहाणी माणसं मागतच नाहीत. आयुष्यात एकदाच मागावं, दुसऱ्यांदा मागेल तो भिकारी, असं जुनी माणसं सांगत. बेन्नासरनं एकदाही मागितलं नव्हतं.

पण ऑलिव्ह झोडायला सुरुवात झाली आणि त्याला राहवेना. हद्दूला न सांगता तो मिमूनच्या टॅक्सीत बसला. मागच्या सीटवर चौथा. शेजारी कांद्याचं पोतं मांडीवर घेतलेला एक लठ्ठ माणूस, आणि प्रत्येक वळणाला बेन्नासरचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता. रस्ताभर त्याला अपराधी वाटत होतं. भावाच्या पाठीमागे चौकशी करायला निघालो, हद्दूला कळलं तर काय वाटेल, असं.

पंपवाला म्हातारा स्टुलावर बसून नोझल पुसत होता. बेन्नासरनं हद्दूचं नाव सांगताच त्यानं न उठताच फळीकडे बोट केलं.

"तो का? तो केव्हाचाच तयार आहे. बघ, धूळ चढलीय त्याच्यावर."

"मग पाठवला का नाही?"

"हद्दूच म्हणाला, मी सांगेपर्यंत राहू दे. मागे येऊन गेला की तो. मुलगा होता बरोबर, नव्या कोऱ्या गाडीत. मी म्हटलं, घेऊन जा. तर म्हणाला, आज नको, आज एका म्हातारीला कबरस्तानात न्यायचंय."

बेन्नासरनं पंप फळीवरून उचलला. थंडगार आणि जड. दुकानाच्या पायरीवर तो मांडीवर घेऊन बसला आणि हद्दूच्या वतीनं सबबी शोधू लागला. विसरला असेल. दुसरी कुणी म्हातारी असेल. माणूस बुडताना काडीचा आधार शोधतो तशी त्यानं एकेक काडी धरली, आणि एकेक हातातून सुटली. मग तो उठला आणि लाल्ला रकियाच्या गल्लीकडे चालू लागला.

लाल्लानं दार उघडलं आणि त्याला पाहताच तिच्या चेहऱ्यावर कळवळा आला.

"ये बाबा, ये. उंबरा आहे, सांभाळ. डोळे कसे आहेत आता?"

"डोळे?"

"हद्दूनं सगळं सांगितलं रे. संध्याकाळ झाली की तुला रस्ता दिसत नाही, एकदा धुक्यात गाडी पार कड्याशी नेलीस. म्हणाला, त्याला स्वतःला सांगायची लाज वाटते, म्हणून मला पाठवलंय. तुझ्या नावानं मध घेऊन आला होता. चांगला होता हो मध."

धुक्यातली गोष्ट खरी होती. त्या दिवशी बेन्नासर थरथरत परतला होता आणि ती त्यानं एकाच माणसाला सांगितली होती. बायकोलाही नाही. पोटातलं काढून ज्याच्या हातात द्यावं त्यानंच ते बाजारात नेऊन विकलं. परवाना गेला हे त्याला नंतर कळलं, आधी कळलं ते हे.

"माझे डोळे ठीक आहेत, लाल्ला," तो म्हणाला. "मी कुणालाही पाठवलं नव्हतं."

म्हातारी मटकन खाली बसली. "पण मी तर सही केली. त्याच्या पोराच्या नावावर, झुहेरच्या. शिक्काही झाला. ती नवी गाडी... आवाजच नाही रे तिला! मला वाटलं अजून उभीच आहे, तर कबरस्तान आलं." मग ती एकदम ताठ झाली. "अरे, पण तुम्ही दूधभाऊ ना? मग रडतोस काय? जा आणि माग! हद्दूनं येऊन पोराचा परवाना सोडला की मी त्याच दिवशी तुझ्या नावानं लिहीन. दुधाच्या नावानं मागितलेलं नाकारायची कुणाची छाती आहे?"

परतीच्या वाटेवर मिमूनच्या टॅक्सीत बेन्नासरनं हेच घोकलं. मागायचं. लाज धरायची नाही. घर चालवायचंय, मागायचं. पंपातलं डिझेल त्याच्या जेलाब्यावर, त्या लांब झग्यावर ठिबकत होतं.

आवारात हद्दू वाकून कुठलंसं चाक बसवत होता. मागे भिंतीशी नवी गाडी, तिच्यापाशी झुहेर फडकं घेऊन उभा. हद्दूनं वर पाहिलं. आधी त्याला पंप दिसला, मग माणूस. झुहेर फडकं तिथंच टाकून घरात शिरला.

"बसवा," बेन्नासर म्हणाला.

हद्दूनं पंप बसवला. बोलायला काही नसलं की हात बरे चालतात. पाइप जोडले, त्यातली एअर काढली, चालू करा म्हणून मान हलवली. बेन्नासरनं सेल्फ मारला. इंजिन उठलं, पण खाडखाड ठोकत उठलं. हद्दू कान लावून उभा राहिला, बोल्ट ढिला केला, पंप केसभर फिरवला, परत केसभर, आणि ठोकणं थांबलं. इंजिन असं लागलं की स्टँडवरची माणसं ऐकून आत आली. मिमून सगळ्यांच्या पुढे.

हद्दूनं हात पुसले. डोळे भरले होते त्याचे, हे सांगायलाच हवं. तो काही सैतान नव्हता. शिकून बेकार बसलेल्या पोराचा बाप होता.

"मागा, भाऊ," तो म्हणाला. "दुधाच्या नावानं परवाना मागा. या सगळ्यांच्या देखत. मी नाही म्हणणार नाही. उद्या जाऊन सोडतो."

"मग घेतलाच कशाला?"

हद्दू खाली बघत म्हणाला, "तुम्ही कधीच मागत नाही. मला वाटलं, हेही मागणार नाही."

आणि तिथं बेन्नासरच्या आत काहीतरी तुटलं. खोटं बोलला ते एक वेळ त्यानं गिळलं असतं. डोळ्यांची गोष्ट फोडली तीही. पण त्याच्या भलेपणाचा हिशेब मांडून, तो किती सोसेल हे मोजून मापून हा माणूस रोज त्याला चहा पाजत होता. आता परवाना मागितला तर हा देईल, लोक म्हणतील वा, दूधभाऊ असावा तर असा, आणि हद्दू हात धुऊन मोकळा. उद्या परत चहा, परत भाऊ.

"माग रे!" मिमून ओरडला. "तोंड शिवलंय का? माग!"

"दुधाच्या नावानं मागतो," बेन्नासर म्हणाला. इंजिन चालूच होतं. "आजपासून मला भाऊ म्हणायचं नाही. माझ्या दाराशी यायचं नाही. मी मेलो तर माझ्या मयताला हात लावायचा नाही. एवढंच मागतो."

हद्दूचा चेहरा राखेसारखा झाला. "दुसरं काहीही मागा. परवाना मागा, ही नवी गाडी मागा, गॅरेज मागा..."

"एकदाच मागतात."

"अरे वेड्या, खाणार काय?" मिमून कपाळावर हात मारून म्हणाला. खरंच होतं त्याचं. शहाणपणाचं काही नव्हतं यात. घरी बायकोला काय सांगायचं हेही बेन्नासरला ठाऊक नव्हतं.

हद्दू अगदी हळू म्हणाला, "दिलं." सवयीनं पुढचा शब्द त्याच्या ओठांवर आला, आणि तो त्याला गिळावा लागला.

बेन्नासरनं बॉनेट लावलं आणि गाडी बाहेर काढली. स्टँडच्या कोपऱ्यावर एका बाईनं हात केला, "मेकनेस?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि रिकामी गाडी पुढे नेली. घर येईपर्यंत तो कान देऊन इंजिन ऐकत होता, हद्दूच्या कामात कुठं एखादी खोट सापडते का म्हणून. सापडली नाही.